फाट्यावरची जागा

चहाचे बारा कप जसे आले तसेच परत निघाले, तेव्हा मारुतरावांनी हात करून फरीदाला थांबवलं.

"का हो ताई, पोरींचा उपवास हाय का सगळ्यांचा?"

भिंतीला टेकून बसलेल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. समोर नव्या शिवणयंत्रांची रांग होती आणि प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार घातलेला होता. फरीदा फाट्यावर शिवणाचा वर्ग चालवायची. तिने ट्रेवर फडकं टाकलं.

"नाही साहेब. वर्गात असताना त्या चहा घेत नाहीत."

मारुतराव विधान परिषदेचे आमदार होते. अख्खा पुणे जिल्हा पायाखाली घालायचा आणि वेळेवर पोचायचं, हा त्यांचा अभिमान. सकाळी वढू बुद्रुकला यात्रेकरूंच्या निवाऱ्याची पाहणी झाली होती, मग केंदूरला सभामंडपाचा नारळ फुटला होता. यवत ओलांडून ते आता बोरमळा फाट्यावर आले होते. येथून निघाले की दौंड, आणि दौंडला घर.

बाजारात मेथी विकणारी रतनबाई ऊन चुकवायला आत येऊन उंबऱ्याशी बसली होती. तरुणपणी मेंढरांमागं कोकणापर्यंत चाललेली ती म्हातारी कुणाचा मुलाहिजा ठेवत नसे.

"च्या प्याल्यावर पोरींनी जायचं कुठं, त्ये आदी सांगा," ती म्हणाली. "मंग पेतील."

मारुतरावांच्या स्वीय सहायकाने घड्याळ पाहिलं. एका मुलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

मारुतरावांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी? काहीच सोय न्हाई?"

"सकाळच्या एसटीने येतात, चारच्या गाडीने जातात," फरीदा म्हणाली. तिचा आवाज हलका होता, पण नजर सरळ होती. "तोवर पाणीसुद्धा पीत नाहीत. मे महिन्यात एक चक्कर येऊन पडली. दोघींना लघवीचा त्रास झाला, त्यांनी वर्ग सोडला. साहेब, तुम्ही मशिनी दिल्यात, उपकार आहेत. पण मुली टिकल्या पाहिजेत ना."

फाट्यावर गाडी थांबताच मारुतराव, सहायक आणि ड्रायव्हर तिघंही पेट्रोल पंपामागच्या भिंतीकडे गेले होते. त्याला अर्धा तास झाला होता. कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं.

"चला, जागा बघू," ते उठले.

बरोबर आलेल्या सरपंचांनी त्यांना ओढ्याच्या कडेला नेलं. बाभळी माजलेल्या होत्या आणि पायवाटसुद्धा धड नव्हती. मागोमाग काठी टेकत आलेल्या रतनबाईने एकदा इकडे तिकडे पाहिलं.

"हितं? हितं दिसाढवळ्या बाप्या यायचा न्हाई, बाई कवा येती?"

"स्टँडच्या अंगाला पंचायतीची जागा आहे," फरीदा म्हणाली. "उजेडाची आहे. नळही जवळ आहे."

सरपंच अवघडून हसले. "ताई, तिथं तुमचीच टपरी हाय की."

"माहीत आहे मला."

टपरी सायकलच्या पंक्चरची होती. फरीदाचा नवरा इम्तियाज उकिडवा बसून घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबत होता. सगळी माणसं आपल्या दारात येऊन उभी राहिलेली पाहून त्याने मान वर केली. सरपंचांनी दोन वाक्यांत विषय सांगितला.

"अब्बांनी टाकलीय ही टपरी," तो म्हणाला. "बावीस वर्षं झाली."

एवढंच बोलून त्याने ट्यूब पुन्हा पाण्यात धरली. भोक केव्हाच सापडलं होतं, बुडबुडे येत होते. तरी तो ट्यूब फिरवत राहिला. फरीदा त्याच्याकडे पाहत नव्हती.

"कुणाला उठवून मला काही बांधायचं न्हाई," मारुतराव म्हणाले आणि गाडीकडे वळले.

गाडी थेट दौंडला घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी सिंधूबाई ओसरीत तांदूळ निवडत होत्या. मारुतराव पेपर घेऊन समोर बसले, पण त्यांनी पेपर उघडला नाही.

"तू दौऱ्याला यायचं का सोडलंस गं?"

सिंधूबाईंचा हात थांबला. "आज कुठनं आठवलं?"

"पहिल्या निवडणुकीला गावोगाव हिंडलीस. पुढं एकदाही आली न्हाईस. मला वाटायचं, राजकारण आवडत न्हाई तुला."

"आवडायचं की," त्या म्हणाल्या. त्यांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "सकाळी सातला निघायचं ते दिवेलागणीला परत. वाटेत तुम्ही जीप थांबवायचात आन् सगळे उतरून झाडाकडं जायचात. मी ताडपत्रीचा पडदा ओढून बसायची."

"बोलायचं तरी."

"जीपमधी सहा बाप्ये. कुणापाशी बोलू?" त्यांनी तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. "त्या वर्षी दोनदा दवाखान्यात नेलंत मला. आठवतंय? कशानं झालं, ते तुम्ही डॉक्टरला विचारलं न्हाई. मीबी सांगितलं न्हाई."

तांदळावर ऊन आलं होतं. मारुतरावांनी पेपरची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

महिना उलटला. सरपंचांना दोनदा फोन झाले. दुसरी जागा निघत नव्हती. मग एका सोमवारी फरीदा स्वतः दौंडला घरी आली. पिशवीतून तिने अर्ज काढला. खाली पंचावन्न बायकांचे अंगठे आणि सह्या होत्या, आणि सगळ्यांत वर सही होती इम्तियाजची.

"टपरी हलवली आम्ही," ती म्हणाली.

मारुतरावांनी चष्मा काढला. "कुणी दबाव आणला का? खरं सांगा."

"नाही साहेब. आमची सुफिया सहावीत आहे. सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर वर्गावर येते. मागच्या आठवड्यात उन्हात यांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला, तर नको म्हणाली. मोठ्या मुली करतात तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हे टपरीखाली ओंडके लावत होते. रतनबाईचे मालक म्हस्कूमामा ट्रॅक्टर घेऊन आले, त्यांच्या पोरांनी ओढली."

"आता कुठं हाय?"

"रस्त्याच्या पलीकडं. गिऱ्हाईक कमी येतं तिकडं." ती जराशी हसली. "बघू. माणसं शोधत येतील."

सिंधूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि फरीदासाठी पाट मांडून म्हणाल्या, "जेवल्याबिगर जायचं न्हाई."

आमदार निधीतून काम मंजूर झालं. चार खोल्या, वर पाण्याची टाकी, आत दिवा, दाराला मजबूत कडी. कडीचं सिंधूबाईंनी दोनदा बजावलं होतं. कोनशिलेचा मजकूर पक्का करताना सहायक घुटमळला.

"साहेब, बाकी सगळ्या कामांवर तुमचं नाव असतं. पण मुतारीवर... लोक हसतील."

"घाला," मारुतराव म्हणाले. "मोठ्या अक्षरात घाला."

उद्घाटन बाजाराच्या दिवशी ठेवलं. त्या दिवशी सुमोत मारुतरावांच्या मागे सिंधूबाई बसल्या, तेव्हा ड्रायव्हरने आरसा उगाच नीट केला. फीत कापायला रतनबाईला बोलावलं. तिने कात्री हातात घेऊन उलटसुलट पाहिली, मग म्हस्कूला हाक मारली.

"अवं, मेंढरं कातरायची असती तर जमलं आसतं. ही लईच नाजूक हाय."

हशा पिकला. फीत कापली गेली. मुली आधी लाजल्या, मग एकदम घोळक्याने आत शिरल्या. रस्त्यापलीकडे इम्तियाज एका सायकलला हवा भरत होता. मारुतराव रस्ता ओलांडून त्याच्यापाशी गेले. त्यांनी पडलेला पान्हा उचलून त्याच्या हातात दिला आणि पंपाचं काम होईस्तोवर सायकल धरून उभे राहिले.

परत आले तर सिंधूबाई गाडीपाशी नव्हत्या. पुढचा कार्यक्रम चारला होता, सहायक येरझाऱ्या घालत होता. बऱ्याच वेळाने त्या वर्गाच्या खोलीतून बाहेर आल्या. मागे आठ-दहा बायका होत्या आणि अजून बोलत होत्या. फरीदाच्या मापांच्या वहीतलं फाडलेलं एक पान सिंधूबाईंच्या हातात होतं. त्यावर दोन्ही बाजूंनी गावांची आणि फाट्यांची नावं लिहिलेली होती.

त्या गाडीपाशी आल्या, पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि पान गुडघ्यावर सपाट केलं.

"पुढच्या फाट्यावर आज बाजार हाय म्हणत्यात," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "बायका पाचला बाजारातून उठतील. आधी तिकडं घ्या."

ड्रायव्हरने वळून साहेबांकडे पाहिलं. घाईने मागे चढून बसलेल्या सहायकाने हातातल्या कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिलं.

मारुतरावांनी मागचं दार उघडलं.

"सरका जरा," ते सहायकाला म्हणाले.