भिंतीवरचा ड्रायव्हर

हॉस्पिटलच्या व्यायाम विभागात एक लांबलचक भिंत मोकळी होती. तिथे लाकडाचं उठावशिल्प लावायचं ठरलं आणि ते काम शिल्पकार बाईंकडे आलं. विषय तिथलाच होता: पडलेली, मोडलेली, ऑपरेशनातून उठलेली माणसं पुन्हा चालायला शिकताहेत. बाईंचं म्हणणं एकच, माणसं खरी हवीत, मनातली नकोत. म्हणून त्या रोज सकाळी कागद-पेन्सिल घेऊन विभागाच्या कोपऱ्यात येऊन बसू लागल्या.

तिथेच त्यांना ड्रायव्हर दिसला. जन्मभर शहरातली बस चालवलेला, पन्नाशी उलटलेला, आडव्या अंगाचा माणूस. एक ट्रक उलट्या बाजूने येऊन बसवर आदळला. प्रवासी सगळे वाचले, याचा डावा पाय मात्र गुडघ्याखाली गेला. आता कृत्रिम पाय लावून, दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून तो पावलं टाकत होता. बायको समोरच्या खुर्चीत बसून पहारा देत होती.

"दांडी सोडून बघा आता," व्यायाम घेणाऱ्या डॉक्टर म्हणायच्या.

"सोडतो की. पळून चाललीय का ती?" असं म्हणून तो पकड आणखी घट्ट करायचा.

बाईंच्या मनात तो हातच भरला. पेरं पांढरी पडलेली, मनगटावरच्या शिरा टरारलेल्या. शिल्पाच्या मधोमध यालाच घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं आणि तसं विचारलंही.

"काढा की," तो म्हणाला. "पोट तेवढं कमी करा."

"लाकडात कमीच करता येतं, दादा. वाढवता येत नाही."

टायरच्या दुकानामागच्या शेडमध्ये बाईंचं काम सुरू झालं. जाड फळ्या एकमेकींना चिकटवून मोठा पट केला होता. त्यावर माणसांच्या आकृत्या आखून आजूबाजूचं लाकूड पटाशीने खाली उतरवायचं, म्हणजे माणसं हळूहळू वर यायची. पुढे वॉकरवाले आजोबा, मग कुबड्या घेतलेली एक मुलगी, आणि तिच्या मागे मधोमध ड्रायव्हर. त्याचा हात आणि हाताखालची दांडी सगळ्यांत पुढे आलेली होती.

काम पुरं होत आलं तेव्हा बाईंनी त्या दोघांना बघायला बोलावलं.

"अगदी हुबेहूब!" बायको म्हणाली. "कपाळावरची आठीसुद्धा सुटली नाही."

ड्रायव्हर मात्र लाकडातल्या दांडीवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, हा असाच राहणार?"

"म्हणजे?"

"मी उद्या गावभर हिंडायला लागलो, तरी हा आपला दांडी धरूनच उभा. नातवंडं येतील, बोट दाखवतील, हे आमचे आजोबा."

"अहो, आधी तुम्ही तर सोडा!" बायको फटकन बोलून गेली. "लाकडावर कसला राग काढताय?"

त्याचा चेहरा उतरला. चहासुद्धा न घेता तो निघून गेला. बायको दारातून मागे वळून म्हणाली, "मनावर घेऊ नका, ताई." पण तिचेच डोळे भरून आले होते.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. "येऊन बघा तरी!"

बाई गेल्या. ड्रायव्हर दोन दांड्यांच्या मधोमध हात पसरून उभा होता. एक पाऊल टाकलं, डोलला, सावरला. दुसऱ्याला कोसळला. शिवी हासडली, उठला आणि पुन्हा सुरुवातीपासून निघाला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. बायकोने तोंडाला पदर लावला होता, पण ती जागची हलली नाही.

बाईंनी तिथेच डॉक्टरांना विचारलं, "शिल्पातली दांडी काढून टाकली तर चालेल?"

"एकाची तरी सुटलेली दिसू दे," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीच्यांना हुरूप येईल."

दांडी तासून निघाली. पण मूठ तशीच वळलेली राहिली, आणि तिच्यासमोर कुबड्यांवरची ती मुलगी. महिन्याभराने ती दोघं पुन्हा शेडमध्ये आली; बायकोने बघितलं आणि तिला हसू आवरेना. "अगं बाई, हे तर त्या पोरीला ठोसा मारायला निघालेत!"

दोघंही हसली, बाईंचा जीव मात्र टांगणीला लागला. वळलेली बोटं आता उघडता येणार नव्हती.

"हातात काहीतरी द्यावं लागेल, दादा. स्टिअरिंग देऊ?"

त्याने मान हलवली. "ते आता नाही मिळायचं. डेपोतून सांगितलंय, ऑफिसात बसा." हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला असावा, कारण बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं. मग तोच म्हणाला, "पिशवी द्या. भाजीची."

"पिशवी?"

"काल एकटा गेलो होतो बाजारात. हिला न सांगता. येताना टोमॅटो सांडले रस्ताभर. वाकून वाकून सगळे गोळा केले, ताई! वाकलो आणि उठलो!"

"निम्मे पिचके आणलेत," बायको म्हणाली, पण तिचा हात त्याच्या पाठीवर होता.

नशिबाने मुठीखालचं लाकूड अजून पुरतं उतरवलेलं नव्हतं. त्यातून पिशवीचे दोन बंद निघाले आणि खाली फुगलेली पिशवी निघाली. वजनाने हात जरा ओढला गेल्यासारखा दिसायला लागला, आणि माणूस खरंच कुठूनतरी घरी चालल्यासारखा वाटू लागला.

शिल्प भिंतीवर चढलं त्या दिवशी ड्रायव्हर एकटाच आला. लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि पोट कमी केलं नाही म्हणून कुरकुर केली. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक शिक्षिका दांडीला धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "यात हा पिशवीवाला कशाला?"

"मीच तो," तो म्हणाला.

शिक्षिकेने आधी भिंतीकडे, मग त्याच्या पायांकडे पाहिलं. मग कडेच्या खुर्चीवर टेकायचं सोडून त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं.

बाई आणि तो बरोबरच बाहेर पडले. स्टॉपवर बस आली. अपघातानंतर तो बसमध्ये चढला नव्हता. पायरीपाशी क्षणभर थांबला, खांबाला धरून वर चढला आणि थेट ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. खिडकीतून बाईंना त्याचा आवाज ऐकू आला, "ब्रेक जरा आधीपासून दाबत जा, बाबा. मागे म्हातारी माणसं असतात."