वाट बघण्याची वाक्यं

माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे, पैज लावते. लिफ्टमध्ये ‘दारापासून दूर उभे राहा’ असं सांगते ती मी. कार्टूनमधल्या सशाची आई मी, ‘पेशंटला विश्रांती घेऊ द्या’ म्हणणारी नर्स मी, आणि फोन लावलात की ‘आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत’ म्हणून तुमचं डोकं उठवते तीही मीच. मुख्य भूमिका मात्र आयुष्यात मिळाली नाही. नायिकेला म्हणे नाजूक आवाज लागतो. माझा आवाज कॉलेजात होते तेव्हापासून कुणाच्या तरी मावशीसारखा आहे, त्याला मी काय करू?

म्हणून गेमचं काम आलं तेव्हा मी काही हुरळले नव्हते. हुरळले ते नंतर.

गेमचं रेकॉर्डिंग हा एक विचित्रच प्रकार असतो. सिनेमाला आवाज देताना समोर पडदा असतो, कोण कुणाशी बोलतंय ते दिसतं. इथे तसलं काही नाही. काचेच्या आड एक लहानशी खोली. सुती कपडे घालून जायचं, कारण बाकीचे कपडे सळसळतात. घड्याळ काढून ठेवायचं. पोट भरून जायचं, कारण पोटातली गुरगुरसुद्धा माइकला ऐकू जाते. मग स्क्रीनवर एकेक सुटं वाक्य येतं. आधी काय झालं, नंतर काय होणार, समोर कोण आहे, विचारायची सोय नाही. गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून कुणालाच काही सांगत नाहीत. ‘बस. कुठे लागलं, बघू.’ हे काळजीने म्हणा. आता वैतागून म्हणा. आता हसत म्हणा. पुढचं. ‘परत आलास?’ हे तर मी इतक्या तऱ्हांनी म्हटलं की घरी भाजीत मीठ जास्त झालं तरी तोंडातून ‘परत आलास?’ निघायला लागलं.

काम संपेचना. एकदा पाणी पिताना मी रेकॉर्डिंगवाल्याला विचारलं, “अहो, हे आहे तरी किती?” तो भला माणूस म्हणाला, “काकू, अख्ख्या गेममध्ये सगळ्यात जास्त वाक्यं तुमचीच आहेत.”

झालं! सिनेमात ज्याची वाक्यं सगळ्यात जास्त, मुख्य भूमिका त्याची. आमच्या धंद्यात लहान पोरालाही कळतं हे. मी रस्त्याने घरी आले ती तरंगतच. लोकांच्या जखमा बघणारी, सगळ्यांना धीर देणारी, म्हणजे डॉक्टर असणार, किंवा राजवैद्याची मुलगी वगैरे. मी मनातल्या मनात तिला उंची दिली, लांब केस दिले. घोडासुद्धा दिला.

शेवटच्या आठवड्यात एक अख्खी सकाळ नुसती वाट बघण्याची वाक्यं केली. खेळणारा मध्येच थांबला, चहा करायला उठला, फोनवर बोलत बसला, तर तेवढ्या वेळात बाईने गप्प राहायचं नसतं, ती जिवंत वाटली पाहिजे. म्हणून ही वाक्यं. ‘घाई नाही मला.’ ‘आहेस ना तिथे?’ ‘कुणी बोलत असलं की हात पटापट चालतो बघ.’ ही वाक्यं मी एकाच दमात करून टाकली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “काकू, दुसरा टेक नको. हे एकदम खरं वाटलं.” मला का कोण जाणे, त्याचा भयंकर राग आला. घरी मी टेबलाशी, कपाटाशी, कुकरशी बोलते, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

आता दादाचं सांगते. दादा माझा मोठा भाऊ. त्याच्या घरी तो, वहिनी, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणतात, आणि वहिनीची आई. आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणावर आहेत. दिवसा त्यांना बघायला एक बाई येतात. मी दर रविवारी तिकडे जेवायला जाते. दादाचं गेले कित्येक महिने माझ्यामागे टुमणं होतं. “एकटी काय करतेस तिथे? मागची खोली रिकामी आहे. ते भाड्याचं घर सोड आणि ये इकडे. तुझ्या काळजीने मला झोप लागत नाही.”

झोप लागत नाही म्हणे! दुपारी जेवून खुर्चीत बसला की दोन मिनिटांत घोरतो हा माणूस. पण खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं. दर वेळी मी काहीतरी सबब सांगायची आणि दर वेळी घरी येऊन विचार करायची की जावं का.

गेमच्या कामानंतर मात्र माझी मान ताठ झाली. “मला नाही जमणार,” मी म्हटलं. “माझी मुख्य भूमिका आहे. गेम बाहेर आला की आणखी कामं येतील.”

“तुझी? मुख्य?” दादा म्हणाला.

त्याच्या त्या ‘तुझी’ने माझं डोकं सणकलं. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो. “हो, माझी! लावतोस पैज? मुख्य असले तर पुन्हा मागच्या खोलीचं नाव काढायचं नाही. नसले तर सामान घेऊन येते राहायला. शब्द देते.”

“दिलास ना? बघ हं,” दादा म्हणाला.

गेम आला तेव्हा भिंगरीने तो आणला आणि रविवारी मला बोलावलं. मी नवीन कपडे घालून गेले, हसू नका. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीसमोर आम्ही सगळे बसलो. आतल्या खोलीचं दार आजींसाठी उघडंच होतं. पडद्यावर एक शिरस्त्राण घातलेला तरणाबांड योद्धा आला. भिंगरी हातातल्या रिमोटने त्याला पळवत होती. तो एका काळोख्या शहरात शिरला, कुणीतरी त्याला भाल्याने भोसकलं, तो मेला. अन् लगेच एका पुलाच्या तोंडाशी जिवंत होऊन उभा राहिला. तिथे एका दगडावर एक म्हातारी बसली होती. डोक्याला फडकं, मांडीवर पट्ट्यांची टोपली.

“बस. कुठे लागलं, बघू,” म्हातारी माझ्या आवाजात म्हणाली.

दादा ठसका लागेपर्यंत हसला. “अगं, ही तर परत नर्सच!”

घोडा नाही, केस नाहीत, काही नाही. मी भिंगरीला हळूच विचारलं, “आणि हा शिरस्त्राणवाला? याचा आवाज कोणाचा आहे?”

“तो मुका आहे, आत्या. या गेममधला हिरो बोलतच नाही.”

आता समजलं माझी वाक्यं सगळ्यात जास्त कशी ते.

“पण आत्या, ऐक ना,” भिंगरी माझ्याकडे वळली. पोरगी मायाळू आहे. “नेटवर यावरून लोकांची जुंपलीये. अर्धे म्हणतात, खरी नायिका हीच. बघ, हिरो मरतो आणि उठतो, त्याला मागचं काही आठवत नाही. कोरा करकरीत. हिला सगळं आठवतं. त्याचं प्रत्येक मरण हिने बघितलंय. मग गोष्ट घडते कुणाच्या बाबतीत? हिच्याच ना?”

तेवढ्यात हिरो पुन्हा मरून आला आणि म्हातारी म्हणाली, “परत आलास? मागच्या वेळी डावा हात होता.” मला माझा अभिमान वाटला. चांगलं म्हटलं होतं मी ते वाक्य. मी दादाकडे बघितलं. पैज अजून गेलेली नव्हती.

दादा पुढे सरकून बसला. “बरं. मग हिला जरा चालवून दाखव.”

“हिला नाही चालवता येत, बाबा.”

“म्हणजे? कुठलं बटण दाबायचं?”

“हिला बटणच नाही. ती इथेच असते.”

“संपलं तर मग! जिला आपल्या मनाने दोन पावलं टाकता येत नाहीत, ती कसली नायिका? कुणी आलं की पट्टी बांधायची, गेलं की बसून राहायचं. उद्या म्हणाल आमच्या ऑफिसचा दरवाजा नायक आहे, सगळे त्याच्यातून जातात म्हणून.”

भिंगरी हसली. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती सहज बोलून गेली, “ते बाकी खरं. हिरो पूल ओलांडून गेला ना, की ही नसतेच मुळी. जी पडद्यावर दिसत नाही, तिला कॉम्प्युटर कशाला चालवेल? उगाच भार. तो परत आला की ही पुन्हा सुरू.”

तिच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण मला माझं घर दिसलं, रविवार संध्याकाळपासून पुढच्या रविवारपर्यंतचं.

“हरलीस बाई तू,” दादा म्हणाला. “चल, चहा घेऊ आणि खोलीचं ठरवू.”

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. अंगातलं वारंच गेलं होतं. वहिनींनी चहा आणला. रिमोट सोफ्यावर पडून राहिला. दादा आणि वहिनी माझं कपाट मागच्या खोलीत मावेल का, की आधी खाट सरकवावी लागेल, यावर बोलत होते. मला कुणी विचारत नव्हतं, आणि मीही बोलत नव्हते. टीव्हीवर हिरो पुतळ्यासारखा उभा होता.

“घाई नाही मला,” म्हातारी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “आहेस ना तिथे?”

आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला, “आहे गं. मी आहे इथे.”

हॉलमध्ये कुणाचं लक्ष गेलं नाही. वहिनी म्हणाल्या, “कपाट भिंतीलाच लावू या.”

“कुणी बोलत असलं की हात पटापट चालतो बघ,” टीव्हीतली मी म्हणाले.

“खरंय बाई. बोल, मी ऐकतेय,” आजी म्हणाल्या.

“अगं, त्या बाईला बंद कर आधी. काही सुचू देत नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि भिंगरीने टीव्ही बंद केला.

“गेली का?” आजींनी विचारलं. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

मी उठून आत गेले. आजी दाराकडे तोंड करून पडल्या होत्या. मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हटलं, “नाही गेले. मीच बोलत होते.”

“तूच होय! मला वाटलं, कोण बिचारी एवढी हाका मारतेय.” त्यांनी माझा हात धरला. “बरं झालं तू राहायला येतेस ते. त्या बाईंना येत्या एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलंय लेकीने. मी म्हटलं, अगं, नणंदेला विचारलंस का? तर म्हणते, विचारायचं काय त्यात.”

“कधी सांगितलं त्यांना?”

“झाला की महिना.”

महिन्यापूर्वी गेम आलाही नव्हता. आमची पैजसुद्धा लागली नव्हती. मी तशीच हॉलमध्ये आले.

“दादा, आजींच्या बाईंना बंद केलंस?”

दादाने कप खाली ठेवला. “अगं, ते... तू येणारच होतीस ना. घरचं माणूस असताना बाहेरचं कशाला?”

“मी येणार, हे तुला महिन्यापूर्वीच माहीत होतं?”

“तू कुठे जाणार आहेस दुसरीकडे?” तो म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला हो! तेच तर सगळ्यात जास्त लागलं.

“मी येणार नाही,” मी म्हटलं.

“शब्द दिला होतास तू.”

“दिला होता. मोडते. त्या बाईंना उद्याच्या उद्या सांग, पुढेही येत राहा म्हणून. त्या चांगल्या आहेत, आजींना सवय झालीये त्यांची.”

वहिनी उठून उभ्या राहिल्या. “आणि त्या नाही म्हणाल्या तर? आईकडे कोण बघणार?”

मी आत जाऊन आजींना म्हटलं, “मी निघते. राहायला नाही येणार, पण रविवारी तुमच्यापाशी बसेन.” त्या म्हणाल्या, “बस गं, पण बोलायला बस, काम करायला नको.” मी चपला घालत होते तेव्हा दादा दारापर्यंत आला आणि त्याने चिडून विचारलं, “मग एकटी करणार आहेस काय तिथे?” भिंगरी त्याच्या मागे उभी होती, तिचे डोळे भरले होते. मला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. “माहीत नाही,” एवढंच म्हटलं आणि जिना उतरले.

घरी आले, दिवा लावला, पंखा लावला. कुकरशी बोलायचं नाही असं ठरवलं आणि दहा मिनिटांतच बोलले. मग खुर्चीत बसून पोटभर रडले, कुणी ऐकायला नव्हतं त्यामुळे मोठ्यांदा. दादाला वाटत असेल, बहीण हट्टी आहे, कामाला भ्याली. हट्टी मी आहेच. पण मला इथे एकटीला करमत नाही हो, मुळीच करमत नाही. ‘ये, तू नसलीस की घर रिकामं वाटतं,’ एवढं एकदा म्हणाला असता ना, तर मी त्याच दिवशी सामान बांधलं असतं आणि आजींचं सगळं आनंदाने केलं असतं.