कॉपी झालं

ताईंनी पान वर सरकवलं आणि माउसवरचा हात तिथेच थांबला. सकाळी घड्याळवाल्या आजोबांना पाठवलेल्या सूचनांखाली आणखी एक परिच्छेद होता. तो त्यांनी पाठवलाच नव्हता.

‘जुनी गोळी आजपासून बंद. दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो, जिवाला धोका आहे.’

दवाखान्यात डॉक्टर भरभर बोलायचे, पेशंट मान डोलवायचे आणि घरी गेल्यावर काउंटरवरच्या ताईंच्या मेसेजवर चालायचे. डॉक्टरांचं टिपण दिलं की संगणक सोप्या भाषेत सूचना लिहून द्यायचा. त्या उचलायला धाकट्या दिराने ब्राउझरच्या बुकमार्कांत एक बटण बसवून दिलं होतं. दाबलं की मजकूर क्लिपबोर्डवर, आणि कोपऱ्यात ‘कॉपी झालं’. दीर हुशार, पण बटण त्याच्यासारखंच उतावळं. त्या क्षणी पानावर जेवढं उतरलं असेल तेवढंच उचलायचं. आज नेट रखडत होतं, समोर रांग होती आणि ताई आपल्या दाबत सुटल्या होत्या.

त्यांनी आजोबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली.

“बोला ताई.”

“आजोबा, गोळ्या घेतल्या?”

“नाही अजून. समोर काढून ठेवल्यात दोन्ही.”

“जुनी घेऊ नका! बंद केलीय ती. मेसेज अर्धाच आला तुम्हाला.”

“वाटलंच मला. शेवटी ‘काळजी घ्या’ लिहिता ना तुम्ही नेहमी, ते नव्हतं. म्हटलं, ताई मधेच कुठे उठून गेल्या असतील, येतील परत. जेवून केव्हाचा बसलोय.”

ताईंचा जीव भांड्यात पडला. हसू आलं आणि डोळेही भरले. ते दोन शब्द संगणक लिहीत नसे, त्या स्वतः टाइप करत. आजोबांच्या वेळी नेमकं डॉक्टरांनी आत बोलावलं म्हणून राहून गेले होते.

फोन ठेवून त्यांनी सकाळचे बाकीचे मेसेज उघडले. तापाच्या बाळाच्या आईला गेलं होतं, ‘औषध सहा सहा तासांनी पाजा.’ पानावर त्याच्यापुढे होतं, ‘वजन कमी आहे, म्हणून बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मंच द्या.’ ते मेसेजमध्ये नव्हतं. त्याऐवजी ताईंनी आपल्या हाताने, न विसरता लिहिलं होतं, ‘काळजी घ्या.’

खाली त्या आईचं उत्तर येऊन पडलं होतं.

‘हो ताई. बाटलीवरचं बघून दोनदा पाजलं. आता अगदी गाढ झोपलाय.’