दीड दिवसापुरतं

कोर्टाचा हुकूम झाला आणि साईशला हळर्णच्या स्वतःच्या घरात पाय ठेवायची बंदी आली. मारणाऱ्या नवऱ्याने बाहेर राहायचं आणि बायकोने घरात, हे आमच्या वाड्यावर कोणाला पटलं नाही. उलटं असतं तर कोणी विचारलंही नसतं. तो म्हापशाला बहिणीकडे राहू लागला. इकडे त्याच्या बायकोच्या, संजनाच्या गालावर जरा मांस चढलं. तिचं माहेर चंदगडचं, तिथे आता कोणी नाही. हेच घर.

मग चवथ आली. घराण्याचा गणपती त्याच घरात, आणि पुजायचा मान थोरल्याचा.

सासू प्रभावती माझ्यादेखतच तिला म्हणाली, "बंदी त्याका आसा, देवाक नाय गो. देव काय रस्त्यार बसतलो?"

"धाकटे भावजी बसवतील."

"थोरलो जितो आसताना?"

संजनाने मला विचारलं, "काकी, दीडच दिवस. विसर्जन झालं की जाईल ना?"

"वकीलबाईंना विचार," मी म्हटलं. त्यांचा फोन लागेना. चवथीला आमच्याकडे कायदाही गावी जातो.

शेवटी संजनानेच निरोप धाडला आणि साईश आला. देवाच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधली. आरतीत त्याचाच आवाज सगळ्यांच्या वर. संजनाने त्याच्या पानात नेवऱ्या वाढल्या, त्या साऱ्या वाड्याने पाहिल्या.

विसर्जनानंतर रिकामा पाट घरी आणायचा असतो. साईशने तो आणला, देवाच्या जागी ठेवला आणि शर्ट काढून खुंटीला लावला.

"आता जा," संजना म्हणाली.

"खंय जाव? तूच बोलावलंस मा?"

तिने पोलिसांना फोन केला. पलीकडून विचारलं, "घुसला, की तुम्ही बोलावलं, बाई?" तिला खोटं बोलता आलं नाही.

सुट्ट्या संपल्यावर मी गेले, तर तिचा ओठ फाटलेला. मीच वकीलबाईंना फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, "बोलावलं म्हणून हुकूम रद्द होत नाही. तो लागूच आहे. आजच्या आज तक्रार द्या."

संजनाने फोन माझ्या हातात ठेवला. "काय सांगू तिथे, काकी? दार मीच उघडलं."

"त्या म्हणतात, तरी चालतं."

"त्यांना या वाड्यावर राहायचं नाही."

"चल, मी येते तुझ्याबरोबर."

ती चपला शोधू लागली. एक सापडलीही. तेवढ्यात आतून प्रभावतीची हाक आली, "गो, चाय टाक. तो उठलो."

संजनाने पायातली चप्पल काढली आणि आत गेली.