वर्गासाठी पत्रिका

देवरामने वर्गासाठी म्हणून पन्नास पत्रिका वेगळ्या काढल्या आणि कापडी पिशवीत घातल्या. त्याच्या बायकोच्या, यशोदाबाईच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या पत्रिका. वर तिचा फोटो, खाली सकाळी दहा ते बारा कीर्तन आणि नंतर जेवण. येत्या रविवारी तिला जाऊन वर्ष होणार होतं. कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली होती.

पन्नास अशासाठी, की पोरगी योगिनी गावातच, देवळ्याच्या कॉलेजात होती तेव्हा तिच्या वर्गात सत्तावीस पोरं होती, आणि आईच्या दहाव्याला सत्तावीसच्या सत्तावीस आली होती. तेराव्याला त्यांनीच पंगतीत वाढलं, भांडी उचलली. आता पोरगी नाशिकच्या मोठ्या कॉलेजात. तिथं पोरं दुप्पट असतील, असं त्याने धरलं. चार-पाच जीपा भरून येतील, घर जरा हलेल.

आणखी एक गोष्ट मनात होती. पोरीने जूनमध्ये हट्ट करून नाशिकला नाव घातलं आणि घरात तो एकटा उरला. ऑगस्टमध्ये तिला ताप आला, तीन दिवस हॉस्टेलवर पडून होती, कोणी विचारलं नाही. हे तिनेच नंतर फोनवर सांगितलं होतं. पुण्यस्मरण झालं की तिला परत देवळ्याच्या कॉलेजात घालायची, हे त्याने ठरवून टाकलं होतं. तिला सांगायचं तेवढं बाकी होतं.

नाशिकच्या कॉलेजच्या गेटवर वॉचमनने अडवलं.

“कोणाला भेटायचंय?”

“योगिनी आहेर. दुसरं वर्ष बीकॉम. देवळ्याची हाय.”

वॉचमन हसला. “बाबा, आठ हजार पोरं आहेत इथं. नावानं कोण ओळखतं? फोन लावा.”

फोन लागेना. त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या चार-पाच पोरांना विचारलं. त्यांनी कानातलं काढून ऐकलं, माहीत नाही म्हणाले आणि गेले. वागायला वाईट नव्हती, पण ओळखत नव्हती. देवळ्याला गेटसमोरचा चहावालासुद्धा सांगायचा, ताई आत्ताच लायब्ररीत गेली म्हणून. इथं तो पाऊण तास उभा राहिला.

मग योगिनीच बाहेर आली, दोन मुलींबरोबर. ती मोठ्याने हसत होती. तिचं हसणं त्याने वर्षभरात ऐकलं नव्हतं. बाप दिसल्यावर ते थांबलं.

“नाना? तुम्ही? न सांगता?”

“फोन लावला होता.”

“लेक्चर होतं.” तिने पिशवीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. देवळ्यात वर्षश्राद्धाच्या पत्रिका ओळखीच्या सगळ्यांना हातोहात वाटतात, हे तिला सांगायला नको होतं.

“नमस्कार काका! मी ओवी,” चष्मेवाली म्हणाली. “ही दीपमाला. चला ना कॅन्टीनला. आम्हाला तुम्ही दोघंही माहीत आहात बरं का, तुम्ही आणि काकू.”

कॅन्टीनला बसल्यावर दीपमालाने स्टीलचा डबा उघडला. आत तळलेले बिबडे होते, ज्वारीचे पापड.

“घ्या काका. तुमच्याच घरचे तुम्हाला,” ती म्हणाली. “आम्ही हॉस्टेलच्या मावशींकडून तळून घेतो.”

देवरामने बिबडा हातात घेतला. यशोदाबाईने जायच्या आधीच्या उन्हाळ्यात केलेले, शेवटचे. घरात बिबड्यांचा डबा सापडत नव्हता तेव्हा त्याला वाटलं होतं, कोणा पाहुण्याने नेला असेल.

“काकूंना सांगा, संपत आलेत,” ओवी म्हणाली. “आणि खरंच काका, काकू तुमच्यावर रागावल्या की दोन दिवस तुम्हाला बिनमिठाचं वरण देतात?”

योगिनी टेबलाकडे बघत बसली होती. देवराम पिशवीत हात घालून पत्रिका काढू शकत होता. पोरींना तेवढ्याने सगळं कळलं असतं.

“दोन नाय, तीन दिवस,” तो म्हणाला.

पोरी हसल्या.

“आणि तुम्ही काय करता?”

“खातो गपचूप. बोललो की चौथा दिवस. लय खडूस हाय ती.”

“बघ योगिनी, आम्हाला वाटायचं तू फेकतेस! काका, लावा ना त्यांना फोन. बिबड्यांचं पीठ कसं शिजवतात ते विचारू.”

योगिनीने मान वर केली.

“फोनवर ती बोलायची नाय,” देवराम म्हणाला. “लाजती. रिंग वाजली की माझ्या हातात देती.”

हे खरंच होतं. नंतर त्याने पीठ कसं शिजवतात ते त्याला येत होतं तेवढं सांगितलं, आणि ती सकाळी आठच्या आत गच्चीवर घालायला बसते, कोणाला मध्ये बोलू देत नाही, हेही सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच कळलं, आपण सगळं ‘देती’, ‘बसती’ असं बोलतोय.

पोरी लेक्चरला गेल्या. योगिनी त्याला बस थांब्यापर्यंत सोडायला निघाली.

“रागावले का नाना?”

“नाय.”

“देवळ्यात एकदा दिनेशनं सरांची नक्कल केली. मला हसू आलं. तर सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला, अन् दिनेशच मला सॉरी म्हणला. रडायला आलं तर सर शिकवायचे थांबायचे. सगळे चांगलेच होते. पण सत्तावीस जणांत लपायचं कुठं?”

“इथं ताप आला तर पाणी द्यायला कोणी नव्हतं.”

“नव्हतं. पहिले दोन-तीन महिने मी कोणाशी बोलले नाय. मग ओवीनं डबा बघितला. म्हणली, आईनं केले का? मी हो म्हणले. ते काय खोटं नव्हतं. मग ती विचारत गेली, मी सांगत गेले.” तिने ओढणीने नाक पुसलं. “इथं कोणालाच माहीत नाय ना. मग मलापण वाटतं, घरी हाय ती.”

देवळ्याला परत चल, हे सांगायला देवराम आला होता. त्यासाठी वाटेत वाक्यं जुळवली होती. ती त्याने तशीच ठेवली. गावात त्याच्याशी बोलणारा प्रत्येक माणूस आधी आवाज खाली आणत असे. आज अर्धा तास तसं कोणी बोललं नव्हतं.

“तुम्ही मला न्यायला आले होते का?” योगिनीने विचारलं.

“पत्रिका द्यायला आलो होतो.”

तिने पिशवीतून एक पत्रिका घेतली, फोटोकडे थोडं बघितलं आणि वहीत ठेवली. “मी शनिवारी येते. एकटीच येते.”

“ये.”

“त्या दोघींना सांगीन मी नाना. कधीतरी सांगावंच लागेल. पण ते बिबडे संपू द्या.”

“किती राहिलेत?”

“वीस-पंचवीस असतील.”

सीबीएस स्टँडला जाणारी बस आली. देवराम पायरीवर चढला आणि मागे वळला.

“एकदम तळू नका,” तो म्हणाला.