लाईन तपासली, दोष नाही

आधीच सांगून ठेवतो, मला राग पटकन येतो. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं लाईनमन होतो, तिथे सगळे मला 'फ्यूज' म्हणायचे, कारण कधी उडेल सांगता यायचं नाही. पण माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नाही. खांबावर चढलो की बिघाड सापडल्याशिवाय खाली उतरायचो नाही. अशा माणसाच्या घरातच दर रविवारी लाईन बंद पडायला लागली, म्हणजे माझं काय झालं असेल बघा.

आमचे चिरंजीव परदेशात असतात. एकुलते एक. चार वर्षं झाली, एकदाही आले नाहीत. रविवारी सकाळी दहाला त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. तेवढ्यासाठी तर इंटरनेट घेतलं, नाहीतर आम्हा दोघांना ते कशाला हवंय? ही नऊपासूनच केस विंचरून, टॅब्लेट साखरेच्या डब्याला टेकवून बसते. यंदा हिच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुणाला भेटायची इच्छा असेल तर आधी भेटू दे त्यांना." हे मी हिला सांगितलं नाही. पण सांगायची गरजही नव्हती. ऑपरेशनच्या आधी पोराला एकदा बघायचं, एवढा एकच ध्यास तिने घेतला होता.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकायची. थंडी किती, जेवलास का, खोकला गेला का, सगळं व्यवस्थित बोलून व्हायचं. मग ही विचारायची, "मग येतोस ना रे राजा, ऑपरेशनच्या आधी?" की चित्र गोठलंच! तोंड अर्धवट उघडं, नजर खाली, आवाज बंद. अर्ध्या मिनिटाने कॉल कट. मागून मेसेज यायचा, 'नेट गंडलंय वाटतं. पुढच्या रविवारी बोलू.'

एकदा झालं, म्हटलं होतं असं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

बिघाड शोधायची आमची एक रीत असते. लाईन मधोमध तोडायची आणि बघायचं, दोष अलीकडे की पलीकडे. ज्या अर्ध्यात दोष, त्याचे पुन्हा दोन भाग करायचे. असं करत करत त्याला कोपऱ्यात गाठायचं. मी टॅब्लेटपासून सुरुवात केली. पुढच्या रविवारी शेजारणीचा टॅब्लेट मागून आणला. गोठलं. राऊटर कपाटावरून उतरवून टेबलावर ठेवला. गोठलं. वायफायच नको म्हणून थेट वायर जोडली, तरी तेच. म्हणजे घरातला दोष नाही. मग मी कंपनीच्या मागे हात धुऊन लागलो. फोनवर जो तो एकच सांगायचा, "राऊटर बंद करून परत चालू करा." मी म्हटलं, "अरे, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी तारा जोडतोय, तू मला शिकवतोस?"

शेवटी त्यांनी एक बाई पाठवली. चाळिशीची असेल, शिडी स्वतःच्या खांद्यावर घेऊन आली. रस्त्यावरच्या खांबापासून आमच्या खिडकीपर्यंत नवी तार ओढली, जोड नवे केले, मीटर लावून तीनदा मोजलं. कागदावर लिहिलं, 'लाईन तपासली, दोष नाही.'

"काका, लाईन चोख आहे तुमची," ती म्हणाली.

"मग चित्र काय भूत थांबवतं?"

तिला राग आला नाही. तिने माझ्या फोनवर काहीतरी बसवून दिलं. "हे चालू ठेवा. लाईन एक सेकंद जरी तुटली, तरी इथे लाल रेघ येईल. हिरवीच राहिली तर समजा, आपल्याकडे काही नाही."

त्या रविवारी मी हिच्या शेजारी बसलो नाही. राऊटरपाशी स्टूल घेऊन बसलो, हातात फोन. हिने विचारलं, "येतोस ना रे?" आवाज थांबला. मी बघितलं, फोनवर हिरवी रेघ सरळ पुढे चाललेली. राऊटरचे दिवे मजेत लुकलुकत होते. मी उठून टॅब्लेटसमोर गेलो. चिरंजीव तसेच, तोंड अर्धवट उघडं, नजर खाली. आणि त्यांच्या मागच्या खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता.

गप्प बसायला हवं होतं. हे आज कळतंय. पण बिघाड सापडला की खांबावरून ओरडून सांगायचं, हीच सवय. मी ओरडलो, "सापडला! अगं, लाईन ठणठणीत आहे! पडदा हलतोय बघ मागचा! हा सोंग करतोय!"

पडद्यापुढचा चेहरा हलला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. लहानपणी काच फोडल्यावर बघायचा तसं. मग कॉल कट झाला. मागून मेसेज आला नाही.

हिने टॅब्लेटवर कव्हर घातलं आणि आत जाऊन पडली.

पुढच्या रविवारी दहा वाजले, साडेदहा वाजले, फोन नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मीच लावला, दहा वेळा. उचलला नाही. ऑपरेशन नऊ दिवसांवर आलं होतं. मी तणतणत होतो, "येऊ दे तर एकदा फोन. चांगली खरडपट्टी काढतो! आईपेक्षा याला..."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?" ही म्हणाली. एवढ्या हळू आवाजात, की मी एकदम थांबलो.

"म्हणजे?"

"मला पडदा दिसत नव्हता? डोळे फुटलेत का माझे? पहिल्या दिवसापासून दिसत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तो येऊ शकत नाही, एवढं कळलं मला. का ते तो सांगत नाही. नोकरी गेली असेल, कागदपत्रांचं काही असेल, लाज वाटत असेल. तोंडाने 'नाही' म्हणवत नव्हतं त्याला, म्हणून गप्प बसायचा." तिला दम लागला. ती भिंतीला टेकली. "अहो, बोलत असतो तेव्हा सारखी मान इकडेतिकडे फिरवतो, धड दिसत नाही. गोठायचा तेव्हा अर्धं मिनिट स्थिर असायचा. तेवढ्यात मी बघून घ्यायचे. कानाजवळ केस पिकलेत त्याचे, माहितेय तुम्हाला? तेवढ्यासाठीच विचारायचे मी दर वेळी. तेवढंच मिळत होतं, तेही तुम्ही दुरुस्त केलंत."

मी खिडकीशी जाऊन ती नवी तार बघत उभा राहिलो. छत्तीस वर्षांत असं चोख काम मी बघितलं नव्हतं, आणि मला ती दातांनी तोडावीशी वाटत होती.

नोकरीत मी एकदाही खोटा रिपोर्ट लिहिला नाही. दोष नसेल तर नाही, असेल तर आहे, साहेबाच्या तोंडावर. त्या दुपारी चष्मा लावून बसलो आणि चिरंजीवांना मेसेज लिहिला. एकेक अक्षर शोधत अर्धा तास गेला. 'कंपनीची बाई परत येऊन गेली. दोष आपल्याकडेच निघाला. लाईन मध्येच थांबते आणि चित्र भलतंच दिसतं. पडद्याचं मी उगाच बोललो. दुरुस्त व्हायला महिना लागेल म्हणतात. चित्र गोठलं तर चालेल. आई वाट बघते.'

आठवडाभर उत्तर नाही. ऑपरेशन मंगळवारी. आदल्या रविवारी ही नेहमीसारखी नऊला बसली. मी तिला म्हटलं, "उगाच बसू नकोस." तिने ऐकलं नाही. दहा वाजून सात मिनिटांनी टॅब्लेट वाजला.

दाढी वाढलेली होती. "कशी आहेस आई?" म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. हिने थंडीचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाली, "येतोस ना रे राजा?"

तो गोठला.

मी मोठ्याने म्हटलं, "गेली बघ लाईन! या कंपनीला काही लाज नाही. महिनाभर असंच चालणार आता." त्याला ऐकू जावं म्हणूनच म्हटलं. आवाज मधेच चिरकला, पण म्हटलं.

दर वेळी अर्ध्या मिनिटात कॉल कट व्हायचा. मी वाट बघत राहिलो. एक मिनिट झालं, दोन झाली. तो हलला नाही. उलट त्याने नजर वर आणली आणि तोंड नीट समोर केलं, फोटो काढताना करतात तसं. पापण्या लवत होत्या. डोळ्यांतून पाणी येऊन दाढीत जात होतं, तेही त्याने पुसलं नाही. ही टेबलावर कोपर टेकून, अगदी जवळ जाऊन त्याला बघत बसली होती.

चार मिनिटं तो तसाच बसून राहिला, आणि आम्हा तिघांपैकी कुणीच कॉल कट केला नाही.