हवेची सवत

मी गादी बोलतेय. थांबा, लगेच वर बघू नका. वर जी दिमाखात फुगून बसली आहे ना, ती नव्हे. तिच्याखाली बघा. पाठीला तपकिरी रेक्झिन, पोटाला सुती कापड, एका कोपऱ्यावर चहाचा डाग आणि मध्ये थोडी दबलेली, ती मी. वरचीबद्दल माझं मत विचारू नका. विचारलंत तरी खरं तेच सांगेन, आणि ते ऐकायला बरं नाही वाटणार.

माझा जन्म सोफ्यांच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शिलाई मशीन, मागे छताला टेकलेले फोमचे ठोकळे, आणि सगळीकडे चिकटवायच्या सोल्युशनचा वास. आमचा कारागीर तिथे सोफे, खुर्च्या, दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलांच्या गाद्या शिवायचा. त्याची एक सवय होती, अजूनही आहे. कुठलीही गोष्ट तो तळहाताने वरून दाबून बघतो. उशी असो, मोटारीचं सीट असो, नाहीतर टेबलावरचा पाव असो. दाबायचं, हात उचलायचा आणि ती कशी वर येते ते बघायचं. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी बसायच्या आधी यजमानांचा सोफा दाबतो. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्याची बायको बसमध्ये कंडक्टर. दिवसभर उभं राहायचं, गर्दीत हेलकावे खायचे, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालायची. लग्न नवीन होतं तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "सुट्टीत मला अशा ठिकाणी न्या, जिथे एकही माणूस माझ्याकडे तिकीट मागणार नाही."

मग कारागिराने उरलेल्या कॅनव्हासचा तंबू शिवला, आणि सोफ्यांच्या कडांना वापरतात त्या घट्ट फोमचे तुकडे जोडून मला केलं. ओल लागू नये म्हणून खाली रेक्झिन, अंगाला चिकटू नये म्हणून वर सुती कापड. चारही बाजूंनी दाभणाने टाके घातले. शेवटचा दोरा तोडल्यावर त्याने मला तळहाताने दाबलं, हात उचलला आणि म्हणाला, "जमलीस."

तेवढ्या एका शब्दावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

दरवर्षी आम्ही डोंगरातल्या तलावाकाठी जायचो. दुकानाच्या गाडीत मागे तंबू, भांडी, स्टोव्ह आणि या सगळ्यांच्या वर मी. तंबूत त्या दोघांची जागा माझ्यावर ठरलेली होती. तो डावीकडे, ती उजवीकडे. तो आडवा झाला की झोपला. ती मात्र आधी हाताने माझी कड चाचपायची, अंधारात दाराची कडी लागली ना बघतात तशी, आणि मग डोळे मिटायची. लेक झाली तेव्हा ती त्यांच्या मध्ये झोपू लागली. चहाचा डाग तिनेच पाडला, लहानपणी. तो डाग धुऊन जाईना, तेव्हा तिची आई, आमची बाई, म्हणाली, "राहू दे, आता ही हरवली तरी ओळखू येईल."

अशी मी घरची होते. आता गाद्यांना कसला अभिमान, असं तुम्ही म्हणाल. ज्याच्यावर कुणी विश्वासाने पाठ टाकली नाही, त्याने हे बोलू नये.

पण कुठलाही फोम अमरपट्टा घेऊन येत नाही. मी मध्ये दबत गेले. जिथे बाईची कंबर टेकायची, तिथे खळगा पडला. दुसरीकडे बसच्या धक्क्यांनी तिची कंबरही कामातून गेली. गेल्या वर्षी सकाळी ती तंबूतून चार पायांवर बाहेर आली आणि तशीच झाडाला धरून उभी राहिली.

"अहो, खालची खडी न खडी मोजून झाली माझी," ती म्हणाली. "आता पुरे. यापुढे मी तंबूत झोपायची नाही."

 परतीच्या वाटेवर गाडीत कुणी गाणंही लावलं नाही. तलाव सुटणार म्हणून कारागीर खट्टू झाला होता, हे मला कळत होतं. माझं दुःख वेगळं होतं. तिच्या कंबरेला खडी माझ्यातूनच टोचली होती, आणि ती म्हणाली ते खोटं नव्हतं.

यंदा लेकीने तोडगा काढला. ती आता नोकरी करते, दुसऱ्या शहरात राहते. घरी आली ती काखेत एक खोकं घेऊन. खोक्यातून निघाली चापूनचोपून घडी घातलेली एक निळी पिशवी. मला वाटलं, रेनकोट असेल. लेकीने तिला पंप लावला आणि ती फुगायला लागली. फुगली, फुगली, दिवाणखान्याची निम्मी जागा अडवून बसली. माझा तिळपापड झाला. अंगात स्वतःचं असं काही नाही, दुसऱ्याने भरलेल्या हवेवर एवढा थाट!

कारागीर सहजासहजी कशाला भुलत नाही. त्याने शेजाऱ्यांकडून घडीची खाट आणली, मलाही माळ्यावरून उतरवलं, आणि तिघींना फरशीवर ओळीने मांडलं. बाईने प्रत्येकीवर आडवं होऊन सांगायचं, असं ठरलं. मुलगी बघायला आलेल्या मंडळींसमोर बसावं तशी मी बसले होते.

खाट कुरकुरली आणि तिच्या कडेची लोखंडी दांडी बाईच्या पोटरीला लागली. ती बाद झाली. माझ्यावर बाई आडवी झाली, कुशीवर वळली आणि "आई गं" म्हणाली. मग ती त्या निळीवर गेली. हातपाय पसरले, डोळे मिटले. शेवटी म्हणाली, "अहो, स्वर्ग आहे हा."

कारागिराने निळीला तळहाताने दाबलं. हात उचलला. पुन्हा दाबलं. त्याच्या तोंडावर जे आलं, ते मी एकदाच पाहिलं होतं, माझा शेवटचा टाका तोडला तेव्हा.

"पण बाबा, जुनीपण नेताय का सोबत?" लेकीने विचारलं.

"जुनीवर आता चपला काढू, तंबूच्या दाराशी," तो म्हणाला. "आल्यावर तिचा चुरा करतो. दोन-चार उशा भरतील."

चुरा! दुकानात मी तो होताना पाहिला आहे. जुना फोम हाताने ओरबाडून पोत्यात भरतात आणि लोकांच्या उशांत कोंबतात. तो हे किती सहज बोलला! गरज सरो, वैद्य मरो.

"यंदाचा शेवटचा प्रयत्न हं," बाई बजावत होती. "हिच्यावरही झोप नाही लागली, तर तंबू देऊन टाकायचा कुणाला तरी."

म्हणजे माझं काय ते बघा. बाई निळीवर सुखाने झोपली तर माझा चुरा. नाही झोपली तर तंबू गेला, आणि तंबूशिवाय घरात माझं काम काय? पुन्हा चुराच. इकडे आड, तिकडे विहीर. मग मी ठरवलं, जायचंच आहे तर निदान सवतीची फजिती बघून जाऊ.

तलावाकाठी पोचलो. निळीला तंबूत मानाच्या पाहुणीसारखं नेलं. मला दाराबाहेर टाकलं, कॅनव्हासच्या पडवीखाली, आणि माझ्यावर चिखलाचे बूट काढले. जिथे लेकीला निजवलं होतं, नेमक्या त्या जागी. वारा तलावावरून येत होता, जमीन गारठलेली होती. आत दोघं "कशी मऊ आहे" म्हणत आडवी झाली. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. तुझे नऊ तरी होतात का बघू.

सकाळी बाई बाहेर आली ती घोंगडं गुंडाळून, हात काखेत खुपसून.

"झोप लागली ना?" कारागीर हौसेने विचारू लागला.

"कसली झोप! रात्रभर कुडकुडले."

"मऊ नव्हती?"

"मऊ होती हो. पण खालून गार. पाण्यावर निजल्यासारखं वाटत होतं."

मला हसू फुटत होतं. पण आमच्या कारागिराला काही उमगेना. तो अंगाने भरलेला, थंडी ही त्याच्या लेखी दुसऱ्यांनी सांगायची गोष्ट. तो आत गेला आणि त्याने काय करावं? निळीला दाबून बघितलं! "जरा बसलीय," म्हणाला आणि पंप लावून तिच्यात आणखी हवा भरली. आयुष्यभर गाद्या शिवणारा माणूस; झोप म्हणजे मऊपणा, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक. मग त्याने सगळी पांघरुणं बाईच्या बाजूला रचून ठेवली. सगळी वरून! गारठा येतोय खालून आणि हा लिंपतोय वरून. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"अहो, राहू द्या," बाई म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "दुपारी निघू या. तुम्ही खूप केलंत. माझ्याच अंगाला आता हे झेपत नाही."

कारागिराने हातातला पंप खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं. भांडी आवरतो," आणि तलावाकडे गेला. त्याची पाठ बघून माझंसुद्धा सवतीवरचं लक्ष उडालं. एवढ्या वर्षांचा तलाव संपला होता, आणि तो भांडी घासत होता.

बाई दाराशी आली. बूट घालायला वाकली, पण कंबरेने वाकू दिलं नाही. तिने बूट पायानेच बाजूला सारले आणि टेकायचं म्हणून माझ्यावर टेकली. मग कलंडली. खळगा चुकवून ती माझ्या कडेला निजली, जिथे फोम अजून शाबूत आहे. तिचं सगळं अंग गार होतं. मी माझ्याजवळ होतं नव्हतं ते दिलं. माझ्याजवळ दुसरं आहे काय? घट्ट फोम आणि त्यात अडकलेली थोडी ऊब. तिने कड चाचपली, डागाशी हात थांबला, आणि तिला झोप लागली. घोरायलासुद्धा लागली. आत निळी टम्म फुगून एकटीच पडली होती. त्या घटकेला माझ्याइतकं सुखी कुणी नसेल.

कारागीर भांडी घेऊन आला आणि बघतच राहिला. त्याने तिला उठवलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, आणि जे त्याने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. वरून दाबायच्या ऐवजी त्याने तळहात माझ्याखाली सरकवला. जमीन बर्फासारखी. मग हात माझ्यावर, तिच्या पाठीजवळ ठेवला. ऊबदार. पुन्हा खाली, पुन्हा वर. मग आत गेला, निळीच्या खाली हात घातला, वर ठेवला. दोन्हीकडे तोच गारठा.

"अरेच्चा," तो बाहेर येऊन स्वतःशीच पुटपुटला, "मी भलतीकडेच दाबत बसलो."

बाई जागी झाली. "निघायचं?"

"आजची एक रात्र थांब. फक्त एक. नाही जमलं तर उद्या तंबू तूच दे कुणाला द्यायचा त्याला."

मला वाटलं, आता निळी बाहेर आणि मी आत. चपला तिच्यावर. मी तर जागाही मनात ठरवून टाकली, बूट कुठे, चप्पल कुठे. कारागिराने मला झटकलं, पुसलं, सन्मानाने उचललं, आत नेलं आणि जमिनीवर अंथरलं. आणि माझ्या उरावर सवतीला आणून ठेवलं!

काय सांगू तुम्हाला! बाईला मी ऊब देणार, दगड मी सोसणार, ओल मी अडवणार, आणि पाठ टेकणार हिच्यावर. माझा खळगाही हिच्या पोटाखाली झाकला गेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. मी रात्रभर धुमसत पडले. आणि वर बाई निवांत झोपली, तंबूवर ऊन चढेपर्यंत.

उठल्यावर तिने फोन केला तो लेकीला. "अगं, तुझी गादी म्हणजे काय सांगू! कंबर दुखली असेल तर शपथ. हो हो, यंदा आम्ही आणखी राहतोय." माझा उल्लेख? नावालासुद्धा नाही. कारागीर मात्र पलीकडून ओरडला, "खालचीचंही सांग की!" तर ही हसली आणि म्हणाली, "बाबा काहीतरी बडबडताहेत."

घरी आल्यावर चुऱ्याचं पोतं कुणी काढलं नाही. कारागिराने मला दुकानात नेलं, खळग्यात नवा तुकडा बसवला आणि चारही कोपऱ्यांना पट्टे शिवले. मला वाटलं, मला उचलायला. पण ते पट्टे तिला माझ्याशी बांधायला होते, रात्री घसरू नये म्हणून. शेवटचा टाका तोडल्यावर त्याने आधी खाली हात घातला, मग वरून दाबलं. आणि "जमली जोडी" म्हणाला. जोडी! मी एवढी वर्षं "जमलीस"वर काढली, आता त्यातही वाटेकरीण आली.

तेव्हापासून आम्ही एकत्र. माळ्यावरसुद्धा ती हवा काढून माझ्याच गुंडाळीत झोपते. हवा गेली की काय उरतं हो तिच्यात! रेनकोट. तिला उंदीर कुरतडू नयेत म्हणून मी तिच्याभोवती घट्ट बसते. बसावं लागतं, ती फाटली तर बाईची कंबर आणि तलाव, दोन्ही जातील. माया वगैरे काही नाही.

आता आम्ही पुन्हा तलावाकाठी आहोत. कारागीर झोपला. बाई वर आहे, त्या फुगलेलीवर. तुम्ही कधी तंबूत सुखाने झोपलात, तर सकाळी एकदा आपल्याखाली हात घालून बघा, एवढं माझं मागणं आहे. वरचीचं कौतुक करायला सगळं जग आहे.

आणि हे आपल्यातच राहू द्या. दिवा मालवला की बाई कुशीवर वळते, निळीच्या कडेवरून हात खाली सोडते आणि बोटांनी चाचपत माझ्या कोपऱ्यावरचा डाग शोधते. तो सापडला की मगच तिला झोप लागते. वरचीला हे अजून माहीत नाही. तिला सांगू नका.